गेम्सची आगोट: मिरगाआधी लायब्ररी ऑफलाइन कशी करायची? (डीआरएम, क्रॅक आणि बाकी भानगडी)

खाडीकाठ (राजापूर) – धागाकर्ता

मे संपत आला. सुकी मासळी, कोकमं, लाकडं अशी पावसाळ्याची आगोट भरून झाली असेल तर आता पीसीकडे वळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज आणि नेट या दोघांचा भरवसा नसतो, आणि विकत घेतलेला गेम नेमका या दोघांच्या मर्जीवर उघडतो. "सिंगल प्लेअर आहे, नेट कशाला लागतंय" या समजुतीवर विसंबलेली माणसंच पहिल्या वादळात अडकतात.

गेमचा माल तुमच्या डिस्कवर असतो. कुलूप, म्हणजे डीआरएम, कुठे आहे ते मात्र गेमागणिक बदलतं. गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमला कुलूपच नसतं. स्टीम या दुसऱ्या दुकानातल्या बऱ्याच गेम्सना फक्त स्टीमचं स्वतःचं साधं वेष्टण असतं, आणि काहींना तेही नसतं: फोल्डरमधली एक्झी (गेम चालू करणारी फाईल) थेट चालवली, स्टीम बंद असतानाही गेम उघडला, तर समजा की कुलूप नाही. तिसरा प्रकार डेनुवोवाला, म्हणजे कुलूप तोडता येऊ नये म्हणून वरून आणखी एक संरक्षण घातलेला. चौथा सगळ्यात त्रासाचा, म्हणजे स्टीमवर घेतला तरी वर कंपनीचा वेगळा लाँचर (गेम उघडणारं अ‍ॅप) आणि वेगळं खातं मागणारा, किंवा कायम सर्व्हरला बांधलेला.

हे विकत घेण्याआधी कळतं. स्टीमच्या दुकानात गेमच्या पानावर उजव्या बाजूच्या रकान्यात एक वेगळ्या रंगाची चौकट असते. त्यात तिसऱ्या पक्षाचं डीआरएम कोणतं, एका दिवसात किती मशिन्सवर चालू होईल, वेगळं खातं लागेल का, हे सगळं लिहिलेलं असतं. सवलतीचा आकडा बघण्याआधी ती चौकट वाचा.

आता आगोटीची रीत. नेट धड असताना स्टीममध्ये लॉगिन करा, पासवर्ड लक्षात ठेवायच्या खुणेसकट. डाउनलोडच्या पानावर एकही अपडेट रांगेत राहता कामा नये. मग पावसाळ्यात खेळायचा प्रत्येक गेम एकदा मेन मेनूपर्यंत उघडा. हे टाळू नका, कारण पहिल्या वेळेला डायरेक्टएक्स, व्हिज्युअल सी++ असली सामग्री बसते, लाँचरवाल्यांचं लॉगिन होतं आणि डेनुवोचं टोकनही, म्हणजे त्या मशिनपुरता परवाना, तेव्हाच येतं. त्यानंतर स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन'. पीसी बंद करा, राउटरची वायर काढा, पुन्हा चालू करा आणि एकेक गेम उघडून बघा. जो उघडणार नाही तो आजच कळेल, आषाढात नको.

---

बोंडू (कुडाळ)

पाऊस इलो की नेट जाता, मगे गेम कसो उघडतलो, ह्याच विचारूचा होता. धागो बरो काढलात.

एक शंका. ऑफलाइन करून ठेवलेलं स्टीमसुद्धा कधीकधी उघडल्यावर परत पासवर्ड मागतं, आणि पासवर्ड दिला की म्हणतं नेट नाही. असं का होतं?

---

सुरंगी (सावंतवाडी)

@बोंडू, बऱ्याचदा दोष लाइटीचा असतो. स्टीम लॉगिनची माहिती आपल्या फोल्डरातल्या 'कॉन्फिग'मध्ये साध्या मजकुराच्या फाईलीत ठेवतं. ती लिहिली जात असतानाच लाइट गेली तर फाईल अर्धवट राहते, स्टीम तुम्हाला विसरतं, आणि नव्याने ओळख पटवायला नेट लागतंच. म्हणून ऑफलाइन करून सगळं तपासून झालं की स्टीम पूर्ण बंद करा आणि 'कॉन्फिग' फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. फाईल बिघडली तर त्याच मशिनवर ती प्रत परत टाकून बघता येते. दर वेळी जमेलच असं नाही, पण अनेकदा जमतं. ती प्रत दुसऱ्या कुणाला देऊ मात्र नका, त्यात तुमच्या लॉगिनची खूण असते.

खरा उपाय म्हणजे पीसी अचानक बंद पडू न देणं. ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा असतो. ग्राफिक्स कार्ड पूर्ण ओढत असेल तर तो काही मिनिटंच टिकेल, पण सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुरे. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागे एक बटण शोधा: 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको'. बटण इको बाजूला असेल तर लाइट जाण्याच्या आणि बॅटरी लागण्याच्या मधला क्षण लांबतो; पंखा-दिव्याला तो कळत नाही, पण पीसी रिस्टार्ट होतो. ते यूपीएसकडे करा.

आणि विजा चमकायला लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही, लॅनची वायरही काढा. आपल्याकडे बोर्ड जळतात ते पुष्कळदा त्या वायरीतून. बोर्ड बदलला की डेनुवोच्या हिशेबी ते नवीन मशिन. म्हणजे पुन्हा टोकन, पुन्हा नेट.

---

तांबडी_माती (चिपळूण)

सगळं मान्य, पण स्पष्ट बोलू का? क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत, वापरणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. टोकन नाही, लाँचर नाही, 'गो ऑफलाइन' नाही. पैसे मोजणाऱ्याने आगोट भरायची आणि फुकट्याने पाय पसरून खेळायचं, हा कुठला न्याय?

आणि हे आजचं नाही. २०१० मध्ये युबिसॉफ्टने असॅसिन्स क्रीड २ आणि सायलेंट हंटर ५ ला कायम-ऑनलाइनचं कुलूप लावलं. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे दिलेले लोक बाहेर ताटकळत बसले. २०१३ ची सिमसिटी सुरुवातीचे कितीतरी दिवस धड चालली नाही, आणि 'हिला सर्व्हर लागतोच' असं सांगणाऱ्यांनी वर्षभराने तिला ऑफलाइन मोड दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेनुवोच्या एका डोमेनचा घोळ झाला तर जगभर विकत घेतलेले गेम उघडेनात. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजला तर क्रॅक केलेली प्रत विकतच्या प्रतीपेक्षा सुरळीत चालत होती. शत्रू समोर आला की विकतची प्रत अडखळायची. शेवटी कॅपकॉमला पॅच काढावा लागला.

सगळ्यावर कडी युबिसॉफ्टच्याच 'द क्रू' या गेमची. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला, आणि नंतर लायब्ररीतून परवानाही काढून घेतला. पेटीत डिस्क आहे, पण गेम नाही. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात १० लाखांहून जास्त सह्या जमल्या.

---

होडकं (मालवण)

तांबडी_माती, तुमचे मुद्दे बरोबर आहेत, पण दोन ठिकाणी गल्लत होते.

पहिली. व्हिलेजमध्ये फक्त डेनुवो नव्हतं, कॅपकॉमचं स्वतःचं आणखी एक संरक्षण वर चढवलेलं होतं. अडखळण्याचं खापर एकट्या डेनुवोवर फोडता येत नाही. डेनुवो स्वतःला डीआरएम म्हणवतही नाही, ते 'अँटी-टॅम्पर' आहे, म्हणजे आतल्या कुलपाला कुणी कानस लावू नये म्हणून वरून घातलेली पेटी. गेमच्या कोडातली काही फंक्शन्स ते अशा रूपात बदलतं की ती तुमच्या मशिनचं टोकन असल्याशिवाय नीट चालत नाहीत. म्हणून ते फंक्शन किती वेळा बोलावलं जातं यावर सगळं अवलंबून. लोडिंगच्या वेळी एकदा आलं तर जाणवणारही नाही, दर फ्रेमला येणाऱ्या कोडात घुसवलं तर कुठलाही प्रोसेसर रडेल. दोष पेटीचा कमी, ती कुठे ठोकली त्याचा जास्त.

दुसरी, कंपन्या पैसे का मोजतात ती. क्रायसिस रिमास्टर्ड या गेमसाठी डेनुवोशी झालेला करार २०२० मध्ये फुटला होता. त्यात पहिल्या १२ महिन्यांचे १,४०,००० युरो आणि पुढे दरमहा २,००० युरो असा दर होता. डेनुवो असलेल्या गेम्सवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की गेम पहिल्याच आठवड्यात फुटला तर सरासरी २० टक्के उत्पन्न जातं, आणि १२ आठवड्यांनंतर फुटला तर फरक जवळजवळ शून्य. आकडे शेजारी ठेवले की समजतं की हे कुलूप पहिल्या तीन महिन्यांसाठी आहे. डूम मे २०१६ मध्ये आला आणि डिसेंबरमध्ये त्यातून डेनुवो काढलंसुद्धा.

आपल्याला याचा उपयोग काय, तर थांबा. सहा महिने, वर्ष. गेम निम्म्या किमतीत येतो, पॅच झालेले असतात, आणि बऱ्याचदा पेटीही काढलेली असते. स्टीमच्या पानावरची ती चौकट नाहीशी झाली का तेवढं बघायचं.

आणि हो, डेनुवोवाला गेम ऑफलाइन ठेवायचा असेल तर टोकन घेतल्यावर बायोस, प्रोसेसर, विंडोजचं मोठं अपडेट यांना हात लावू नका. विंडोज ११ मध्ये अपडेट ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, तेवढं करून ठेवा. लिनक्सवाल्यांनी प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीची) आवृत्ती बदलत बसू नये. प्रत्येक बदल नवीन मशिन म्हणून मोजला जातो, आणि सर्वसाधारण मर्यादा २४ तासांत ५ ची असते. ती संपली की दुसऱ्या दिवसापर्यंत स्वस्थ बसा, दुसरा इलाज नाही.

---

तांबडी_माती (चिपळूण)

पेटीचं समजलं. पण ज्याच्याकडे वर्षभर थांबायला धीर नाही आणि ३,००० रुपयेही नाहीत, त्याला तुम्ही काय सांगणार?

---

सुरंगी (सावंतवाडी)

त्याला एवढंच सांगेन की फुकटची प्रत फुकट नसते. नीतीचं जाऊ दे, मशिनचं बोलू.

२०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचं मालवेअर उघड केलं. जीटीए ५, एनबीए २के१९ अशा गेम्सच्या क्रॅक प्रतींतून ते २,२२,००० हून जास्त मशिन्सवर गेलं होतं. त्याची चलाखी बघा: काही रिस्टार्टनंतर विंडोज मुद्दाम सेफ मोडमध्ये चालू करायचं, कारण तिथे अँटिव्हायरस जागा नसतो. मग डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) काढून टाकायचं, विंडोज अपडेट बंद करायचं, आणि घड्याळाशेजारी डिफेंडरसारखं दिसणारं खोटं हिरव्या टिकेचं चिन्ह बसवायचं. वर सगळं आलबेल, आत मोनेरोचं खाणकाम, म्हणजे तुमच्या विजेवर चोरासाठी आभासी चलन कमावणं.

ताजं उदाहरण स्टारीडोब्री. ३१ डिसेंबर २०२४ ला सुरू झालं. बीमएनजी.ड्राइव्ह, गॅरीज मॉड, डायसन स्फिअर प्रोग्रॅम यांच्या रिपॅकमध्ये (दाबून लहान केलेल्या क्रॅक प्रतींत) घातलेलं, आणि त्या फाईली टॉरेंटवर सप्टेंबरपासूनच येऊन बसलेल्या. म्हणजे 'जुनी फाईल आहे, लोकांनी चांगलं म्हटलंय' या खात्रीला अर्थ उरत नाही. प्रोसेसरला ८ हून कमी कोअर असतील तर ते खाणकाम करतच नव्हतं, आणि टास्क मॅनेजर उघडलं की गप्प व्हायचं.

त्यावरून ओळखायची एक देशी खूण: पीसी नुसता बसलाय, पंखा घोंघावतोय, आणि टास्क मॅनेजर उघडताच पंखा खाली येतो. असं झालं तर संशय घ्या. मग विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी एक्सक्लूजन्स. तिथे तुम्ही न घातलेला फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला तर कुणीतरी डिफेंडरला डोळे मिटायला सांगितलंय. रिपॅकसोबतच्या 'आधी अँटिव्हायरस बंद करा' या सूचनेचा परिणाम नेमका हाच होतो. क्रॅकला डिफेंडर एरवीही अडवतं, त्यामुळे खोटा इशारा कुठला आणि खरा कुठला हे वापरणाऱ्याला ठरवता येत नाही.

बिलाचा हिशेब घ्या. १५० वॅट जादा, रोज १० तास, ३० दिवस: ४५ युनिट. वर्षभरात त्या 'फुकट' गेमचे पैसे बिलातूनच जातात.

याहून वाईट म्हणजे ब्राउझरमधली लॉगिनची कुकी चोरणारे. कुकी गेली की ओटीपी विचारलाच जात नाही, चोर आधीच आत असतो. तसा संशय आला तर त्या पीसीवरून पासवर्ड बदलू नका. दुसऱ्या मोबाइलवरून बदला, स्टीम गार्डच्या (लॉगिनला कोड मागणाऱ्या सोयीच्या) पानावर जाऊन बाकी सगळी उपकरणं बाहेर काढा, आणि पीसीवर विंडोज नव्याने टाका. पुसापुशी करत बसू नका.

---

कुळीथपिठी (गुहागर)

इन्स्टावर दीडशे-दोनशे रुपयांत 'ओरिजिनल गेम, ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन' मिळतं, ते काय असतं? क्रॅक तर नसतो ना तो?

---

होडकं (मालवण)

क्रॅक नाही, पण धड विकतही नाही. विकणारा एका खात्यावर एक गेम घेतो. त्याच खात्याचं नाव-पासवर्ड तुम्हाला देतो. तुम्ही लॉगिन करायचं, स्टीम गार्डचा कोड त्याला विचारायचा, गेम उतरवायचा, एकदा उघडायचा आणि 'गो ऑफलाइन' करायचं. मग तो पुढच्या गिऱ्हाइकाला. एका प्रतीवर पन्नास जण.

बिघडतं कुठे ते सांगतो. डेनुवोवाल्या गेमला दिवसाला पाचच मशिन्स, म्हणून विकणारा रांग लावतो: 'उद्या सकाळी या.' तुमचं विंडोज अपडेट झालं की टोकन गेलं, पुन्हा त्याच्या दारात. गेमला पॅच आला तर तो घ्यायला ऑनलाइन जावं लागतं, आणि तोवर त्याने पासवर्ड बदललेला असतो. खातं सगळ्यांना वाटणं स्टीमच्या कराराविरुद्ध आहे, त्यामुळे खातं बंद झालं तर दाद कुणाकडे मागणार? आणि तुमचं स्वतःचं खातं त्याच पीसीवर असेल तर दर वेळी बाहेर पडा, आत या. एवढ्या कटकटीत दोनशे रुपये घालवण्यापेक्षा सवलतीत तेवढ्यालाच येणारा जुना गेम घ्या, तो निदान तुमच्या खात्यावर राहील.

बाहेरच्या साइटवर मिळणाऱ्या स्वस्त कीचंही (गेम खात्यावर चढवायच्या कोडचंही) असंच. काही दुसऱ्या देशासाठी असतात आणि इथे लागत नाहीत. काही चोरीच्या कार्डाने घेतलेल्या असतात, कार्डवाल्याने तक्रार केली की की रद्द आणि गेम लायब्ररीतून गायब. स्टीमने २०१५ पासून रुपयांत किमती लावल्यात, यूपीआय चालतं, आणि १४ दिवसांच्या आत व २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. ते २ तास ऑफलाइन तपासणीसाठी वापरा. गेम घ्या, उतरवा, वायर काढून उघडून बघा. नाही उघडला तर परत करा.

---

खाडीकाठ (राजापूर)

होडकं यांची ही २ तासांवाली युक्ती वर माझ्या मजकुरात असायला हवी होती.

आता घरात दोघं-तिघं खेळणारे असतील तर स्टीम फॅमिली बघा. एका घरातले ६ जणांपर्यंत, सगळ्यांच्या लायब्ऱ्या एकत्र. एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळता येतात, मात्र एकाच गेमची प्रत एक असेल तर एकाच वेळी एकच जण. सगळेच गेम त्यात येत नाहीत. दोन सूचना: मधून बाहेर पडलात तर दुसऱ्या कुटुंबात जायला, आधीच्या कुटुंबात आल्यापासून वर्ष भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि धाकट्याने तुमच्या प्रतीवर चीट वापरून बंदी ओढवली तर ती तुमच्यावरही येते. मित्रांना 'घरचेच' म्हणून आत घेऊ नका.

माल कसा आणायचा हाही प्रश्न असतोच. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर साडेपाच तास घेतो, आणि दिवसाला २ जीबीच्या मोबाइल डेटावर ५० दिवस. ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून आणा, फक्त गेम तुमच्याही खात्यावर हवा. दोन पीसी एका राउटरवर असतील तर सेटिंग्जमध्ये डाउनलोडखाली 'लोकल नेटवर्क'वरून गेम देण्याची सोय आहे, ती दोन्हीकडे चालू करा. दोन्हींकडे आवृत्ती सारखी हवी. नाहीतर 'स्टीमअ‍ॅप्स'मधल्या 'कॉमन'मधला गेमचा फोल्डर डिस्कवर आणा, आपल्याकडे त्याच जागी ठेवा, आणि मग इन्स्टॉल दाबा. असलेल्या फाईली ओळखून स्टीम फक्त फरक उतरवतं. लोक आधी इन्स्टॉल दाबतात आणि नंतर कॉपी करतात, मग अर्धवट फोल्डरावर अर्धवट फोल्डर चढतो आणि पुन्हा शंभर जीबी.

---

माडाखालचा (दापोली)

गॉगवाल्यांसाठी माझी भर. गॉगचं गॅलेक्सी अ‍ॅप सोडा. वेबसाइटवर लायब्ररीत गेम उघडून 'ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर' उतरवा. एक एक्झी असते आणि मोठ्या गेमला तिच्यासोबत बऱ्याच बिन फाईली. सगळ्या एकाच फोल्डरात हव्यात, नावं बदलायची नाहीत, आणि एक जरी सुटली तरी इन्स्टॉल मधेच थांबतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपासून पुढची फाईल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. उतरवून झालं की एकदा खरंच इन्स्टॉल करून बघा, नाहीतर तुटलेली फाईल वर्षभर जपून ठेवाल. गॉग पैसे डॉलरमध्ये घेतं, बँकेचा जादा आकार धरूनच तुलना करा. परतीची मुदत मात्र ३० दिवस.

ठेवायचं कुठे? बंद कपाटात पडून राहायची डिस्क असेल तर एसएसडीपेक्षा साधी हार्ड डिस्क बरी, एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना ठेवली तर डेटा उडू शकतो. आपल्या दमट हवेत डिस्क झिप पिशवीत घाला, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायलं. १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये दोनेक तास तापवले की पुन्हा निळे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, तेव्हा जेवणाचं भांडं वापरायचं नाही.

अवांतर: जुन्या गेम-सीड्यांवर बुरशी आली असेल तर?

---

सुरंगी (सावंतवाडी)

@माडाखालचा, आधी ती उजेडासमोर धरा. चांदीसारख्या थरात टाचणीएवढी भोकं दिसली तर थर गेलाय, धुऊन उपयोग नाही. नुसती जाळी किंवा डाग असतील तर डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, कारण माहिती गोल रेषेत लिहिलेली असते आणि त्या दिशेचा ओरखडा जास्त नडतो. सीडीची छापील बाजू जपा, माहितीचा थर तिथे लाखेच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती जरा चिवट.

पण सीडी लख्ख झाली तरी गेम उघडेलच असं नाही. सेफडिस्क हे जुनं कुलूप असलेल्या सीडीवर मुद्दाम बिघडवलेले सेक्टर असतात आणि ते तपासायला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागतो. विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने आधीच्या विंडोजमध्येही बंद केला. कारण रास्त होतं, त्या ड्रायव्हरमधून मशिनचा पूर्ण ताबा घेता येत होता. म्हणजे खरी सीडी खऱ्या ड्राइव्हमध्ये घालूनही गेम म्हणतो 'सीडी घाला'. पर्याय: कंपनीनेच नंतर सीडी-तपासणी काढणारा पॅच दिलाय का ते बघा, किंवा तोच गेम गॉगवर सवलतीत घ्या, किंवा एक जुना एक्सपी पीसी नेटविना फक्त त्यासाठी ठेवा.

सिक्युरॉम या दुसऱ्या कुलपाचे गेम असणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. २००८ च्या स्पोरला सुरुवातीला ३ च वेळा इन्स्टॉल करायची मुभा होती, ओरड झाल्यावर ती वाढवली. आणि एवढं करूनही त्या वर्षी सगळ्यात जास्त चोरीला गेलेल्या गेम्समध्ये तोच पुढे.

---

तांबडी_माती (चिपळूण)

मग माझ्याच सीडीसाठी 'नो-सीडी' (सीडी न घालता गेम उघडणारा) क्रॅक वापरला तर गुन्हा?

---

होडकं (मालवण)

कायदा सांगतो, वकिली सल्ला समजू नका.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणक प्रोग्रॅम त्यात 'साहित्यकृती'त मोडतो. कलम ५२(१)(एए) नुसार कायदेशीर प्रत असणाऱ्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून बॅकअप करता येतो. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं: हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूने' या शब्दात तुमचा प्रश्न अडकलाय. स्वतःची सीडी स्वतःपुरती चालवणं आणि तोच क्रॅक ग्रुपवर टाकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण फाईल कुठून आणली, तिच्यात काय आहे, हा सुरंगींचा मुद्दा तिथेही उरतोच.

चोरीची प्रत जाणूनबुजून पीसीवर वापरण्यासाठी वेगळं कलम ६३बी आहे: ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५०,००० पर्यंत दंडावर सोडू शकतं. दुकानात पेनड्राइव्ह भरून देणाऱ्यांनी मात्र कलम ६३ बघावं. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलंय. सायबर कॅफेवाल्यांना हे बऱ्याचदा ठाऊकच नसतं.

---

बोंडू (कुडाळ)

कॉन्फिगची प्रत काढली, इन्व्हर्टरचं बटण इकोवरच होतं, ते फिरवलं. वायर काढून अकरा गेम तपासले, नऊ उघडले. एकाला लाँचरचं लॉगिन हवं होतं, ते केलं. एक डेनुवोवाला टोकन मागतोय आणि घरचं नेट आत्ताच गेलंय. मोबाइलवरून जमेल काय? डेटा दीड जीबीच आसा.

---

खाडीकाठ (राजापूर)

जमेल. टोकनला डेटा फार थोडा लागतो, डेटा खातात ते बाकीचे. म्हणून क्रम पाळा. आधी स्टीममध्ये त्या गेमचं अपडेट 'उघडल्यावरच' असं करा, आणि डाउनलोडच्या वेळापत्रकात अपडेट पहाटेवर ढकला. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, वायफाय हॉटस्पॉटपेक्षा ते कमी तुटतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' करा, म्हणजे विंडोज अपडेट बहुतेक गप्प राहील. मग स्टीम ऑनलाइन, दुसरं काही सुरू झालं तर लगेच पॉझ, गेम मेनूपर्यंत, बाहेर, 'गो ऑफलाइन', आणि मगच मोबाइलची वायर काढा.

त्या गेमला तेवढ्यात पॅच आला असेल तर मात्र तो आधी उतरवायलाच लागेल. पॅचचा आकार बघूनच पुढे जा, दीड जीबीत बसत नसेल तर टेदरिंग बंद करून नेट यायची वाट बघा.